यादीतली एसएस ३९६ की चोरवाटेची कोपो ४२७? १९६९ची कॅमारो घेण्याआधी

अमेरिकेतल्या शेव्हरोले कंपनीने आपल्या कॅमारो गाडीचं १९६९साठी छापलेलं माहितीपत्रक चाळलंत, तर सगळ्यात मोठं इंजिन दिसेल ३९६ क्युबिक इंचाचं, म्हणजे साडेसहा लिटरचं. त्याच वर्षी ओहायोतल्या नॉरवुडच्या कारखान्यातून हजाराच्या आसपास कॅमारो ४२७चं, म्हणजे सात लिटरचं इंजिन घेऊन बाहेर पडल्या. पत्रकात त्यांचा उल्लेख नाही, गाडीवर बिल्ला नाही. अमेरिकेत जुनी मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची ताकदवान गाडी, शोधणाऱ्यापुढे आज तीन गाड्या येतात: पत्रकातली एसएस (सुपर स्पोर्ट) ३९६, खास ऑर्डरच्या फॉर्मवरून गुपचूप आलेली कोपो ४२७, आणि साध्या कॅमारोत मागाहून ४२७ बसवून केलेली नक्कल.

माझं मत आधीच सांगतो. चालवायची असेल तर एसएस घ्या, जपून ठेवायची असेल तर कोपो. आणि कागदपत्रं नसलेली कोपो ही कोपो नाहीच असं समजून बोला.

ते इंजिन नेमकं कोणापासून लपवलं होतं, हे कळलं की गाडी कळते. बहुतेकजण सांगतात, विमा कंपन्यांपासून. त्यात तथ्य आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस तरुण चालक आणि मोठं इंजिन अशी जोडी दिसली की हप्ता चढायचा. पण कोपोचं दुखणं घरातलंच होतं. शेव्हरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्सने १९६३ साली शर्यतींतून अंग काढून घेतलं होतं, आणि मध्यम व त्याहून लहान गाडीत ४०० क्युबिक इंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही, असा दंडक घातला होता. शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला तेवढी सूट होती. त्यामुळे तेच ४२७ कॉर्व्हेटमध्ये आणि भल्यामोठ्या इम्पालात राजरोस मिळायचं, कॅमारोत मात्र नाही. म्हणजे लपलेलं होतं ते इंजिन नव्हे, त्याचं कॅमारोशी लागलेलं लग्न. तिकडे क्रायस्लर ४२६ हेमी इंजिन उघड जाहिरात करून विकत होती, आणि ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीच्या, पट्टीवर हात चोळत बसायचे ते शेव्हरोलेचे डीलर.

वाट निघाली ती कंपनीच्याच कागदांतून. सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर, अर्थात कोपो, ही टॅक्सीवाले, पोलीस खातं असल्या घाऊक गिऱ्हाइकांची सोय होती: वेगळा रंग, दणकट स्प्रिंगा, असलं काहीतरी. शेव्हरोलेत शर्यतवाल्यांची बाजू सांभाळणाऱ्या व्हिन्स पिगिन्स यांनी याच फॉर्मवरून ४२७ कॅमारोत घुसवलं. त्या ऑर्डरचा क्रमांक ९५६१. हा क्रमांक ठाऊक असलेल्या डीलरलाच गाडी मिळायची. पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचे डीलर डॉन येन्को आधी आपल्याच गॅरेजमध्ये इंजिनं बदलत. १९६९ साली त्यांना ती कारखान्यातूनच बसून आली. वरून पट्टे आणि स्वतःचं नाव चढवून त्यांनी अशा सुमारे २०० कॅमारो विकल्या.

आता दोन्ही इंजिनं शेजारी ठेवू. एसएसमधलं सगळ्यात तापट ३९६ म्हणजे एल७८: कागदावर ३७५ अश्वशक्ती, टॉर्क ४१५ पौंड-फूट. कोपोचं एल७२: ४२५ अश्वशक्ती, ४६० पौंड-फूट. दोन्हींचं कॉम्प्रेशन ११ला १, दोन्हींत सॉलिड लिफ्टर (इंजिनाच्या झडपा उचलणारे भरीव भाग), दोन्हींवर होली कंपनीचा कार्ब्युरेटर. स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची वरखाली धावही एकच, ३.७६ इंच, फरक फक्त बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचा. बाहेरून बघून ओळखता येत नाही, आणि नकली कोपोंचं पीक त्यामुळेच माजलं. रस्त्यावर जाणवणारा फरक त्या जास्तीच्या ४५ पौंड-फुटांचा आणि मागच्या अ‍ॅक्सलमधल्या ४.१० गिअरचा (चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा ४.१० वेळा फिरतो). हा गिअर कोपोसोबत यायचाच. सिग्नलवरून सुटताना मजा येते, पण हायवेवर तासभर इंजिन ओरडत राहतं. शनिवारी सकाळी बायकामुलांना घेऊन फिरायला जाणार असाल तर एल७८ही जरा आडदांडच. त्याच्या लिफ्टरची फट अधूनमधून जुळवत बसावी लागते. एसएसमध्येच एल३५ नावाचं ३२५ अश्वशक्तीचं ३९६ मिळायचं, हायड्रॉलिक लिफ्टरचं. त्याला ही कटकट नाही. प्रदर्शनात त्याला कोणी विचारत नाही, पण रोजच्या संसाराला ते बरं.

एक लक्षात घ्या, हे सगळे आकडे जुन्या, सुट्या इंजिनावर मोजायच्या पद्धतीचे आहेत. शिवाय खायचे दात वेगळे नि दाखवायचे वेगळे. फोर्डने १९६८च्या ४२८ कोब्रा जेटला ३३५ अश्वशक्ती लावली. ड्रॅग शर्यतीत गाडीचा वर्ग वजन आणि जाहीर ताकदीवरून ठरायचा, तेव्हा आकडा कमी सांगण्यातच शहाणपण होतं. एल८८ इंजिनाच्या कॉर्व्हेटची गोष्ट याहून गमतीची. तिला ४३० अश्वशक्ती लिहिली, आणि यादीतल्या शेजारच्या एल७१ला ४३५. प्रत्यक्षात एल८८ पाचशेच्या वर जायची. कारण असं की मोठा आकडा बघून घेणारा हौशी माणूस तिच्या वाटेला जाऊच नये, अशी कंपनीचीच इच्छा होती. रेडिओ नाही, हीटर नाही, आणि १०३ ऑक्टेनखालचं पेट्रोल घालू नका अशी ताकीद गाडीतच चिकटवलेली. १९६७ साली अशा फक्त २० गाड्या बनल्या. त्यांतली एक २०१४ साली स्कॉट्सडेलच्या लिलावात ३८.५ लाख डॉलरला गेली. तेव्हा ती आपल्या तुलनेत नको.

झेडएल१ कॅमारोही तशीच हाताबाहेरची: कोपो क्रमांक ९५६०, अख्खं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, एकूण ६९ गाड्या. ड्रॅग शर्यतीच्या वर्गात उतरण्यासाठी किमान ५० गाड्या लागत, म्हणून इलिनॉयमधल्या ला हार्पे गावचे डीलर फ्रेड गिब यांनी ५० मागवल्या. बिल आलं तेव्हा नुसत्या इंजिनाचे ४,१६० डॉलर. मूळ व्ही८ (आठ सिलिंडरची) गाडीच सुमारे २,७०० डॉलरची! बऱ्याचशा परत पाठवून दुसऱ्या डीलरांत वाटाव्या लागल्या. त्यामानाने ९५६१ म्हणजे फुकटातच म्हणायची, साधारण ४९० डॉलर जास्त.

आज मात्र कोपोची किंमत एसएसच्या कैक पट असते, आणि तो फरक इंजिनाचा नाही, पुराव्याचा असतो. गंमत बघा, तेव्हा लपवायला केलेली युक्तीच आता खरेदीदाराच्या मुळावर येते. १९६९च्या कॅमारोच्या चासी क्रमांकावरून इंजिन कळत नाही. १२४३७ने सुरुवात असेल तर एवढंच ठरतं की ती व्ही८ कूपे आहे, मग आत ३०७ असो वा ४२७. (१२३३७ दिसलं तर सहा सिलिंडरची, विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा.) बिल्ले नसणं हाही पुरावा नव्हे, ते कोणीही काढू शकतो.

कामाचे कागद मोजके: डीलरचं मूळ बिल, कारखान्याची बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी), आणि वॉरंटी पुस्तिकेत चिकटवलेली धातूची पट्टी, जिला प्रोटेक्ट-ओ-प्लेट म्हणतात. गाडी मूळची कॅनडात विकलेली असेल तर नशीब समजा. तिथल्या जनरल मोटर्सकडे नोंदी आहेत, पैसे भरून मिळतात. कागदानंतर इंजिनाकडे वळा. ब्लॉकवर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे असलेल्या सपाट जागेवर इंजिनाचा कोड असतो: एल७२ला चार-स्पीड गिअर असेल तर एमएन, ऑटोमॅटिक असेल तर एमओ. कोडपेक्षा त्याखालचा धातू महत्त्वाचा. कारखान्याच्या यंत्राने पडलेल्या बारीक समांतर रेघा तिथे दिसायला हव्यात. जागा घासून चकचकीत झाली असेल, तर अक्षरं कधी आणि कोणी उमटवली हे देवच जाणे.

राहिली नक्कल. विकणारा तोंडाने आणि करारातही 'क्लोन' म्हणत असेल, तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. ४२७ची ताकद मिळते, गिअर आपल्या सोयीचा बसवता येतो, पाऊस आला तरी जीव खालीवर होत नाही. फक्त तिचा भाव साधी गाडी अधिक झालेलं काम इतकाच धरा. आणि बोलता बोलता विक्रेता 'कागद हरवले, पण आहे खरीच' म्हणाला, की तोच भाव सांगून गप्प बसा.