पिच स्लायडरचं टर्नटेबल: दिवाळी ते श्रावण, रविवारच्या बैठकीतला वापर

जुन्या शास्त्रीय रेकॉर्डी चारचौघांत बसून ऐकायच्या आणि त्यांवर बोलायचं असेल, तर टर्नटेबल घेताना आधी दोनच गोष्टी बघा: ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) गती आहे का, आणि ती हाताने कमीजास्त करता येते का. लाकडी खोकं, ब्लूटूथ, चकचकीत झाकण हे सगळं नंतर. दिवाळीत घेतलेलं माझं यंत्र श्रावण लागला तरी दर रविवारी चालतंय, आणि इतक्या महिन्यांच्या वापरानंतर हे मत जास्तच पक्कं झालंय.

यंत्र डायरेक्ट ड्राइव्ह आहे, म्हणजे मोटर थेट तबकडीची थाळी फिरवते. ३३⅓, ४५ आणि ७८ अशा तीन गती, उजव्या हाताला पिच स्लायडर (गती कमीजास्त करायची सरकपट्टी), मागे यूएसबी. याच घडणीची यंत्रं वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि किंमत साधारण तीस हजारांच्या घरात जाते. त्यामुळे कंपनीच्या नावात न शिरता वापराबद्दलच लिहितो.

आमची बैठक मिरजेतली. मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर आहे, त्यामुळे या गावात रेकॉर्डींच्या गोष्टी घरोघरी निघतात आणि माळ्यावरच्या रेकॉर्डींनी भरलेल्या पेट्याही निघतात. पद्धत साधी आहे. ज्याची पाळी असेल त्याने एक रेकॉर्ड आणायची, कोणाची आणि कुठला राग एवढंच सांगायचं, मग सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. बोलणं त्यानंतर. बोलून झालं की तीच बाजू परत लावायची. दुसऱ्यांदा ऐकताना जे सापडतं त्यासाठीच आम्ही जमतो. ७८ ची दहा इंची तबकडी जेमतेम तीन मिनिटांची, त्यामुळे ती तीनदा लावली तरी कोणी कंटाळत नाही.

आता स्लायडरबद्दल. हाच या यंत्राचा जीव आहे.

सुरुवातीच्या काळात ‘७८’ हा आकडा पक्का नव्हता. ७० च्या जरा वरपासून ८० च्याही पुढे, वेगवेगळ्या गतींनी ध्वनिमुद्रण झालेलं आहे आणि लेबलवर गती छापलेली असेलच असं नाही. ७४ ने मुद्रित केलेली तबकडी ७८ ने वाजवली तर गाणं जवळजवळ एक अख्खी पट्टी चढतं, काळी एकचं पांढरी दोन (हार्मोनियमवरची लगतची वरची पट्टी) होऊन बसतं. लयही पाच टक्क्यांनी वाढते. आपण म्हणतो, काय धारदार आवाज होता त्या काळी! तो आवाज गायकाचा असतो की मोटरचा, हे तपासायला हातात काहीतरी लागतं.

एका रविवारी आमच्यातल्या पेटी (हार्मोनियम) वाजवणाऱ्या काकांनी बालगंधर्वांच्या एका पदाची रेकॉर्ड आणली. ७८ वर लावली. काकांनी दोन ओळी ऐकल्या, पेटी पुढे ओढली आणि ऑर्गनबरोबर एक पट्टी दाबून धरली. म्हणाले, “हा सूर कुठेच बसत नाही बघा. काळी एकच्या वर गेलाय आणि पांढरी दोनला पोचत नाही.” मी स्लायडर हळूहळू खाली आणत गेलो. पंच्याहत्तरच्या थोडं वर आल्यावर ऑर्गन आणि पेटी एकमेकांत मिसळले, मधला तो थरथरणारा कंप थांबला. खोलीतल्या सगळ्यांना तो क्षण कळला. मग पद पहिल्यापासून लावलं. आवाज रुंद झाला होता, तबल्याच्या डग्ग्याला वजन आलं होतं, आणि आधी घाईत निसटून जाणारा खटका आता आपल्या जागेवर थांबून वळत होता. नाट्यसंगीताकडे एरवी फारसं लक्ष न देणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, “आता शब्द कळले.”

अर्थात पेटीला जुळलं म्हणजे निकाल लागला असं मी म्हणणार नाही. त्या काळचे ऑर्गन आजच्या पट्टीला लावलेले होते असं गृहीत धरता येत नाही. म्हणून आम्ही आणखी खुणा बघतो. दोन्ही बाजू एकाच वेळच्या असतील तर त्यांचा षड्ज (सा) जुळतो का? त्याच कलाकाराच्या आसपासच्या इतर तबकड्या कुठल्या पट्टीत आहेत? शेवटी कलाकाराने आपलं नाव सांगितलं असेल तर बोलण्याचा आवाज माणसासारखा लागतो का? ही शेवटची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. गाण्याची पट्टी कितीही चढी मानता येते, बोलण्याची नाही. गायिका गौहरजान यांनी १९०२ मध्ये कलकत्त्याला पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केलं. त्यांच्या रेकॉर्डींच्या शेवटी इंग्रजीत नाव सांगण्याची जी पद्धत होती, तिचा आज आपल्याला असा उपयोग होतो.

याच ओघात केसरबाई केरकरांचं सांगायलाच हवं. केरी गावात जन्मलेल्या या गोव्याच्या गायिकेची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली, हे बहुतेकांना माहीत असतं. ती तबकडी १६⅔ गतीची आहे आणि तिच्या आवरणावर ती एका फेऱ्याला किती वेळ घेते हे आकृतीने कोरून ठेवलंय, हे मात्र कमी लोक सांगतात. ऐकणारा कोण असेल याचा पत्ता नसताना पाठवणाऱ्यांनी गती लिहून दिली. आपण शेजारच्या घरी फाइल पाठवतो तेव्हा तेवढंही करत नाही.

कोणी म्हणेल, गती नंतर संगणकावरही बदलता येते. येते, आणि एकट्याने काम करायचं असेल तर तेवढं पुरेसं आहे. पण बैठकीत आठ माणसं बसलेली असताना, तानपुरा चालू असताना, “अजून जरा खाली, आता थांबा” असं म्हणत म्हणत सूर शोधण्यात जी चर्चा होते ती पडद्यावरच्या आकड्यांत होत नाही. सूर शोधता शोधता माणसं बारकाईने ऐकायला लागतात. पूर्वी आमच्याकडे “वा, काय गायलंय” यापुढे बोलणं क्वचित जायचं. आता “तो निषाद उतरलाय की गती हलतेय” असे प्रश्न येतात.

एलपीला, म्हणजे ३३⅓ गतीच्या लांब रेकॉर्डला, स्लायडर लागत नाही. तो मध्यावर ठेवायचा आणि विसरायचा. तिथे चर्चा वेगळ्या वाटेने जाते, कारण एका बाजूला वीसेक मिनिटं मिळतात आणि राग उलगडायला जागा असते. अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा लागली. मारव्यात पंचम नाही आणि कोमल रिषभ षड्जाला लागू देत नाही, हे पुस्तकातलं झालं. ऐकताना खाँसाहेब रिषभावर आणि धैवतावर थांबतात, पुन्हा थांबतात, आणि षड्ज पुढे ढकलत राहतात. तो येतो तेव्हा अंग सैल पडतं. एका बैठकीत आम्ही षड्ज लागला की बोट वर करायचं ठरवलं. पहिल्या काही आवर्तनांत बोटं इतकी कमी वर गेली की राग शिकलेल्यांनाही नवल वाटलं.

किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी दोघांनी आणली, दोन वेगवेगळ्या प्रती. एक जपलेली, दुसरीवर ओरखडे. ओरखडेवाली प्रत पुढच्या चर्चेला जास्त उपयोगी ठरली, कारण सुईचा विषय तिच्यावरून निघाला.

तर सुई. यंत्राबरोबर येते ती एलपीची. तिने ७८ ची तबकडी वाजवू नका. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची ०.७ मिलच्या आसपास. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी लोळते, सगळा कचरा उचलते आणि खरखर दुप्पट होते. ७८ ची सुई वेगळी घ्यावी लागते आणि ती स्वस्त नाही. मी दुसरं हेडशेल (सुई बसवायचं सुटं टोक) घेऊन त्यावर ती कायमची बसवून टाकली, त्यामुळे बैठकीत बदलायला मिनिटभर लागतं. मात्र सुईवरचं वजन दर वेळी नव्याने लावायला लागतं, एलपीला दोन ग्रॅम तर ७८ ला पाच. छोटा डिजिटल काटा शेजारीच ठेवा, टोनआर्मवरच्या (सुईच्या दांड्यावरच्या) आकड्यांवर विसंबू नका.

जोडीला मोनोचं (दोन्ही बाजूंचा आवाज एक करणारं) बटण असलेला ॲम्प्लिफायर मिळाला तर सोडू नका. ७८ च्या तबकडीत नाद सुईच्या आडव्या हालचालीत असतो. मोनो केलं की उभ्या हालचालीतून येणारी बरीच खरखर गळून जाते आणि आवाज एकदम पुढे येतो.

तक्रारी आहेत. यंत्रातला अंगचा प्रीॲम्प (सुईचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) बेताचा आहे, मागे घुंई ऐकू येते. वेगळा फोनो प्रीॲम्प लावल्यावर ती गेली. स्लायडरचा मध्य जिथे खट्कन अडकतो तिथे गती अगदी नेमकी नसते. हे मी कागदी स्ट्रोबवर, म्हणजे रेषा छापलेल्या चकतीवर, तपासलं. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ७८ साठी ७७ रेषांची चकती स्थिर दिसायला हवी. एलईडी दिवा यासाठी चालेलच असं नाही, जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली बघा. शिवाय फळीवर ठेवलं की चालण्याचा धप्प आवाज स्पीकरमधून येतो. जाड कडाप्पा आणि खाली रबर, एवढ्याने भागलं. आलं तेव्हा खोक्यात मागचं वजन सुटून फिरत होतं आणि विक्रेत्याकडून दुसरं यंत्र मिळवायला बराच पाठपुरावा करावा लागला. खोकं उघडताना व्हिडिओ काढून ठेवा.

पावसाळ्यात पेट्यांमधल्या पाकिटांना बुरशी धरते. लाखेच्या ७८ तबकडीला अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, लेबल कोरडं ठेवायचं आणि पंख्याखाली उभी वाळवायची.

यूएसबीतून ध्वनिमुद्रण ठीक होतं. तबकडीच्या आवाजासाठी १६ बिट पुरतं, पण जपून ठेवायची प्रत एफलॅक (आवाज न गमावता साठवणारी फाइल) ठेवा. एमपी३ फक्त फोनवर ऐकायला. मूळ प्रतीवर खरखर काढण्याचे प्रयोग करू नका. त्या खरखरीबरोबर तानपुऱ्याची जवारीही (तारेचा झणकारता घुमारा) निघून जाते, आणि एकदा गेली की ती परत आणता येत नाही. पुण्यात आणि बाहेरदेशी असलेल्या मित्रांना पाठवताना कायद्याचं भान ठेवा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. जुन्या ७८ तबकड्या बहुतेक त्यापलीकडच्या आहेत, पण काव्याचा आणि चालीचा हक्क वेगळा मोजला जातो. सत्तरच्या दशकातल्या एलपी मी पाठवत नाही, बैठकीला बोलावतो.

जी फाइल पाठवतो तिच्यासोबत आता नेहमी इतकं लिहितो: कलाकार, राग, कंपनी आणि लेबलवरचा क्रमांक, लेबल आणि खाच यांच्यामधल्या कोऱ्या जागेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, वाजवलेली गती, सुईचा आकार आणि षड्ज कुठल्या पट्टीत ठेवला ते. यामुळे दुसऱ्या गावातला माणूस आपली प्रत लावून सांगू शकतो की तुमची गती पटत नाही. कोल्हापूरच्या एका स्नेह्यांनी हिराबाई बडोदेकरांच्या एका तबकडीबद्दल असंच कळवलंय, त्यांच्या मते आम्ही ती फार खाली आणली. त्यांची प्रत पुढच्या रविवारी येतेय, मग दोन्ही एकामागोमाग लावून बघू. तुमच्याकडे हिराबाईंच्या ७८ तबकड्या असतील तर त्यांचा षड्ज कुठे लागतो ते गतीसकट नक्की लिहा.