उष्णतास्थिर ग्लुकोकायनेज: वापरून पाहिल्यानंतर

ग्लुकोज मोजण्यासाठी आजवर मी यीस्टपासून मिळणारे हेक्झोकायनेज (साखरेला फॉस्फेट जोडणारे एन्झाइम) वापरत आलो. या वेळी त्याच्या जागी जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस या जिवाणूचे ग्लुकोकायनेज, म्हणजे मुख्यतः ग्लुकोजलाच फॉस्फेट जोडणारे एन्झाइम, सुक्या भुकटीच्या रूपात मागवले. हा जिवाणू 55 ते 60 अंश सेल्सियसला जोमाने वाढतो (2001 पर्यंत त्याची गणना बॅसिलस प्रजातीत होत असे), तेव्हा त्याचे एन्झाइम उष्णतेला दाद देत नाही यात नवल नाही. 50 अंशांना अर्धा तास ठेवलेले द्रावण ताज्या द्रावणाच्या तोडीस तोड चालले. हेक्झोकायनेजने तेवढ्यात मान टाकली.

मला मात्र ते पसंत पडले ते वेगळ्याच कारणासाठी. हेक्झोकायनेज ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज आणि मॅनोज यांनाही फॉस्फेट जोडते; त्यात मोजणीची पुढची पायरी करणाऱ्या सोबतच्या एन्झाइममध्ये फॉस्फोग्लुकोज आयसोमरेजची (फॉस्फेट जोडलेल्या फ्रुक्टोजचे तशाच ग्लुकोजमध्ये रूपांतर करणाऱ्या एन्झाइमची) किंचित जरी भेसळ असली, तरी फ्रुक्टोजही ग्लुकोज म्हणून मोजले जाऊ लागते आणि 340 नॅनोमीटरवरचे प्रकाशशोषणाचे वाचन स्थिरावण्याऐवजी सावकाश चढत राहते. फळांच्या रसाच्या नमुन्यांत या चढणीने मला फार सतावले होते. जिवाणूचे ग्लुकोकायनेज फ्रुक्टोजच्या वाटेला जवळजवळ जातच नाही, त्यामुळे तेच नमुने काही मिनिटांत स्थिर आकडा देऊ लागले. यकृतातल्या ग्लुकोकायनेजशी त्याची गल्लत मात्र करू नये: यकृतातल्याला भरपूर ग्लुकोज लागते, तर जिवाणूच्याला अल्प ग्लुकोजही पुरते.

वेष्टनावर ‘उष्णतास्थिर’ हा शब्द ठळक छापला आहे, पण तयार अभिकर्मकाचे (मोजणीसाठी बनवलेल्या मिश्रणाचे) आयुष्य या एन्झाइमवर ठरत नाही. एनएडीपी (ज्याच्या बदलामुळे 340 नॅनोमीटरवरचे वाचन मिळते ते सहएन्झाइम) अल्कधर्मी द्रावणात हळूहळू नासते, म्हणून मिश्रण पूर्वीप्रमाणेच थोडे थोडे आणि ताजे करावे लागते. मॅग्नेशियमशिवाय क्रिया होत नाही. नमुन्यात ईडीटीए (मॅग्नेशियमला बांधून ठेवणारे रसायन) असेल तर मॅग्नेशियम वाढवावे, हे माहितीपत्रकात सांगायला हवे होते.

खरी तक्रार एककाविषयी, म्हणजे एन्झाइमची क्रियाशीलता सांगणाऱ्या मापाविषयी, आहे. क्रियेचे एकक 30 अंशांना मोजले की 37 अंशांना, याचा माहितीपत्रकात उल्लेखच नाही, आणि या दोन तापमानांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मात्रा ठरवण्यासाठी मला क्रिया स्वतःच पुन्हा मोजावी लागली. नमुन्यात ग्लुकोजखेरीज दुसरी साखर नसेल तर हेक्झोकायनेज बदलण्याची गरज नाही. मिश्र साखरांसाठी मी हेच पुन्हा मागवीन, मात्र मोजणीचे तापमान आधी लेखी विचारून.