क्रीपशो पहिला का दुसरा? आमच्या सांगलीच्या ग्रुपात दोन पार्ट्या

क्रीपशो या इंग्रजी हॉरर पिक्चरचा पहिला भाग भारी का दुसरा, यावरनं विश्रामबागच्या आमच्या ग्रुपात सरळ भांडणं झालीत. पहिला १९८२ चा, डायरेक्टर जॉर्ज रोमेरो, लिहिलाय हॉरर कादंबऱ्या लिहिणाऱ्या स्टीफन किंगनं, आणि १९५० च्या दशकातली ईसी या अमेरिकन कंपनीची ती हॉरर कॉमिक्स डोक्यात ठेवून केलाय, त्यामुळं लाल-निळे लाईट, मधेच कॉमिकच्या चौकटी, सगळं मुद्दाम भडक. पाच गोष्टी. एकीत किंग स्वतःच शेतकरी झालाय आन् अंगावर गवत उगवतंय, निम्मी पोरं म्हणतात ओव्हरॲक्टिंग, अरे पण कॉमिकमधला माणूस असाच असणार की! शेवटची झुरळांची गोष्ट मात्र जेवताना बघू नका, पांढऱ्याशुभ्र फ्लॅटात राहणारा खडूस म्हातारा आणि नंतर जे काय निघतंय ते, बाबो.

दुसरा १९८७ चा, डायरेक्टर मायकेल गॉर्निक, म्हणजे पहिल्याचा कॅमेरामन. तीनच गोष्टी, मधलं कार्टून स्वस्तातलं वाटतं, लाकडी पुतळ्याची गोष्ट तर लय रेंगाळते. पण तराफ्याची! चार पोरं-पोरी तळ्याच्या मधोमध अडकलेली आणि पाण्यावर तेलाच्या तवंगासारखं काळं कायतरी त्यांच्याकडं सरकतंय. कृष्णेत पोहणारी आमच्यातली दोघं याच एका गोष्टीवर दुसऱ्याला वर ठेवतात, आणि खरं सांगायचं तर निव्वळ भीतीत पहिल्यातली एकपण गोष्ट तिच्या जवळ येत नाही.

तरी माझं मत पहिल्यालाच. पुन्हा बघायचा झाला तर तोच लावणार, दुसऱ्यातला फक्त तराफा, बाकी पुढं ढकला.