एआयचा वेगळा कोर्स की विषयातच एआय?

कॉलेजात एआय शिकवायचं ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो. सगळ्या शाखांसाठी एक वेगळा क्रेडिट कोर्स काढायचा, की ज्याने त्याने आपापल्या विषयाच्या असाइनमेंटमध्येच ते बसवायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. आधी दोन सत्रं वेगळा कोर्स घेतला, आता माझ्या अर्थशास्त्राच्या पेपरातच घेतो.

वेगळा कोर्स टाकाऊ मुळीच नाही. मॉडेल पुढचा शब्द अंदाजाने कसा ठरवतं, कुणाची खासगी माहिती त्यात का टाकायची नाही, हे एकदाच नीट सांगून होतं. वेळापत्रकात हक्काचा तास मिळतो. प्राचार्यांना अहवालात दाखवायलाही बरं पडतं.

माझं घोडं अडलं ते सरावाच्या तासाला. रसायनशास्त्राच्या एका मुलीने एआयचं उत्तर दाखवून विचारलं, "सर, हे बरोबर आहे का?" भाषा सफाईदार, मांडणी चोख. मला काही कळेना. शेजारच्या इतिहासाच्या, कॉमर्सच्या मुलांना तर त्याहून नाही. "उत्तर तपासून घ्या" असं मी त्या सत्रात दर तासाला बजावत होतो. पण तपासायचं कसं, ते करून दाखवणं माझ्या हातात नव्हतं. दर आठवड्याला विषय बदलायचा, माझं मान डोलावणं तेच.

माझ्या पेपरात ही पंचाईत होत नाही. मागणीच्या लवचिकतेवर, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते यावर, एआयकडून टिपण करून आणायला सांगितलं. एका टिपणात किंमत १० टक्के वाढली, मागणी ५ टक्के घटली, लवचिकता ०.५, इथपर्यंत ठीक. आणि खाली ठणकावून लिहिलेलं, 'म्हणून मागणी लवचिक आहे.' मागच्या बाकावरून आवाज आला, "एकपेक्षा कमी आहे ना, मग अलवचिक!" संदर्भसूचीतही लेखक खरा, नियतकालिक खरं, पण दिलेल्या पानांवर भलताच लेख. तेही मुलांनीच शोधलं.

विषयात बसवण्याची गोम अशी की सगळं सहकाऱ्यांवर अवलंबून. एका तासाला 'एआय वापरा', पुढच्या तासाला 'वापरलंत तर शून्य', मुलं गोंधळणारच. आम्ही प्रत्येक असाइनमेंटच्या डोक्यावर काय चालेल, काय नाही, याची एक ओळ टाकायला लागलो, तेव्हा भांडणं जरा कमी झाली. सगळी नाही.

निम्म्या सहकाऱ्यांनी अजून एआय उघडूनही पाहिलं नसेल, तर तुम्हाला कदाचित वेगळा कोर्सच सोयीचा. फक्त सरावाच्या तासाला त्या त्या विषयाचा शिक्षक शेजारी बसवा. आमच्याकडे त्यासाठी कुणाचाच तास मोकळा निघाला नाही.