७७७ न करता साइट चालू करून देणाऱ्या ताई

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. समया, घंगाळी, पूजेची भांडी. निम्म्या ऑर्डरी आता साइटवरून येतात. गणपतीच्या तोंडावर साइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि सगळे फोटो गायब! फोटोची लिंक उघडली की ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’.

साइट हलवणाऱ्याने फोनवरच सांगितलं, ‘अख्ख्या फोल्डरला ७७७ करून टाका.’ म्हणजे सर्व्हरवरच्या कोणालाही वाचायची, लिहायची, चालवायची मोकळीक. तेही केलं. फोटो काही दिसले नाहीत.

मग ओळखीतून इंदिरानगरच्या या ताई मिळाल्या. सर्व्हर सांभाळण्याची कामं घेतात. गल्ल्याशेजारी लॅपटॉप उघडून बसल्या आणि आधी ‘नेमआय’ नावाची कमांड दिली. पार मुळापासून फोटोपर्यंतचा एकेक फोल्डर, त्याचा मालक आणि परवानग्या ओळीने समोर आल्या. ताईंनी माझ्या होम फोल्डरच्या, म्हणजे सर्व्हरवर माझ्या खात्याला मिळालेल्या खाजगी फोल्डरच्या ओळीवर बोट ठेवलं. साइट तिथेच टाकलेली. आमच्या सर्व्हरवर उबंटू ही लिनक्स प्रणाली आहे. तिच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या युजरचं होम ७५० असतं, परक्याला आत पाऊल टाकता येत नाही. आमचा वेब सर्व्हर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरने चालतो, तो तिथेच अडत होता. “दादा, आतली कपाटं सताड उघडी, पण वाड्याचा दिंडी दरवाजाच बंद,” त्या म्हणाल्या. तेव्हा मला कळलं.

त्यांनी साइट होममधून काढून वेगळ्या जागी ठेवली. फोल्डरना ७५०, फाइलींना ६४०, ग्रुप वेब सर्व्हरचा, म्हणजे मालक लिहिणार, ग्रुप फक्त वाचणार, परक्याला काहीच नाही. ग्रुपला लिहायची मुभा फक्त फोटोंच्या फोल्डरमध्ये, तिथे २७७०, म्हणजे नवा फोटो कोणीही चढवला तरी ग्रुप तोच राहतो. आम्ही तिघं एकाच रूट (सर्व्हरवर सगळे अधिकार असलेला युजर) पासवर्डवर काम करत होतो, ते मात्र त्यांना अजिबात चाललं नाही. प्रत्येकाला वेगळं खातं दिलं. पुतण्याला ग्रुपमध्ये घातल्यावरही फोटो चढेना, तर म्हणाल्या, बाहेर पडून पुन्हा लॉगिन कर. लगेच चढला.

दोन तास लागले, १,८०० रुपये घेतले. बिल यायला आठ दिवस गेले, एवढीच तक्रार. रात्री नऊनंतर त्या फोन उचलत नाहीत, हे आधीच सांगतात. जाताना कोणाचं खातं, कुठे लिहायची परवानगी, हे सगळं मराठीत एका कागदावर लिहून दिलं. तो मी तराजूमागे चिकटवलाय.