नऊ घरांचं जुनं की सहा घरांचं नवं? स्वस्त .२२ रिव्हॉल्व्हर घेण्याआधी

ओहायोतल्या आमच्या गावाजवळ बंदुकांचं एक दुकान आहे. तिथे काचेच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर सेकंडहँड स्वस्त माल मांडलेला असतो. वाकल्याशिवाय तो दिसत नाही, आणि वाकलात की दुकानदाराला कळतं की तुमचं बजेट काय आहे. त्या फळीवर मला हॅरिंग्टन अँड रिचर्डसन कंपनीचं ९२९ हे जुनं .२२ रिव्हॉल्व्हर दिसलं, सिलिंडरमध्ये काडतुसांची नऊ घरं, चिठ्ठीवर १७५ डॉलर. वरच्या फळीवर रुगर कंपनीचं कोरं रँगलर, सहा घरांचं. तीन शनिवार माझा याच दोघांवर काथ्याकूट चालला होता.

त्याआधी व्हिसाचं बघा. एच-१बी (नोकरीचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर असाल तर इथेच थांबा. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर वकिलाला न विचारता काही करू नका. मित्राचं रिव्हॉल्व्हर रेंजवर ‘जरा हातात’ घेणं हेसुद्धा बाळगण्यात धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर हा अडसर नाही. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण हवं, मग खरेदीदाराने भरायचा केंद्रीय फॉर्म ४४७३ आणि पार्श्वभूमी तपासणी. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचा परवाना आधी काढावा लागतो.

आता माल. .२२ चं काडतूस रिमफायर असतं, म्हणजे पेटणारा मसाला पुंगळीच्या तळाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन मधोमध न आपटता कडेवर आपटते. यातूनच जुन्या .२२ चं खास दुखणं सुरू होतं. कोणीतरी टीव्हीसमोर बसून रिकामं रिव्हॉल्व्हर खटखट वाजवत राहतो आणि पिन पुंगळीऐवजी सिलिंडरच्या पोलादावर बसत राहते. घराच्या तोंडाशी खड्डा पडतो, कड आत दुमडते, मग काडतूस नीट बसत नाही आणि रिकामी पुंगळी निघता निघत नाही. सिलिंडर उघडून नखाने प्रत्येक घराची कड चाचपा. नख अडकलं तर भाव पाडा नाहीतर निघा.

९२९ चं आकर्षण मला पुरेपूर कळतं. नऊ गोळ्या, आणि नुसता चाप ओढला की घोडा मागे जाऊन सुटतो असं डबल अ‍ॅक्शन. सिलिंडरखालची दांडी पुढे ओढली की सिलिंडर बाजूला उघडतो आणि तीच दांडी मागे दाबली की नऊच्या नऊ पुंगळ्या एकदम बाहेर. रँगलर सिंगल अ‍ॅक्शन आहे. दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढा, सहा झाल्या की बाजूची छोटी झडप उघडून एकेक पुंगळी दांडीने ढकला, मग एकेक भरा. वेळखाऊ काम. पण रेंजवर पहिल्यांदा जाणाऱ्या बायकोला किंवा भावाला शिकवताना हाच संथपणा बरा पडतो, आणि काडतुसंही कमी उडतात.

रँगलर २०१९ मध्ये आलं तेव्हा छापील किंमत २४९ डॉलर होती. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, नळी आणि सिलिंडर पोलादी. खरं मोल आहे ते ट्रान्सफर बारचं. चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोडा आणि पिन यांच्यामध्ये ती पट्टी येत नाही, त्यामुळे रिव्हॉल्व्हर हातातून पडलं तरी सहाच्या सहा भरलेली चालतात. ज्या जुन्या रिव्हॉल्व्हरात ही पट्टी नाही, त्यात घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची शिस्त पाळावीच लागते. रुगरच्याच १९७३ पूर्वीच्या सिंगल-सिक्स या .२२ रिव्हॉल्व्हरलाही हे लागू आहे. कंपनी त्यात ही पट्टी फुकट बसवून देते, म्हणून असं जुनं सिंगल-सिक्स पाहिलंत तर बदल झालाय का विचारा.

हॅरिंग्टन अँड रिचर्डसन ही मूळ कंपनी १९८६ मध्येच बंद पडली. म्हणजे दुरुस्तीला पाठवायला पत्ता नाही. न्यूमरिकसारख्या जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याकडे शोधायचं, आणि तो भाग घासून बसवणारा गनस्मिथ गाठायचा. त्याची एका तासाची मजुरी आणि १७५ डॉलर यांची बेरीज करा, रँगलर एकदम महाग वाटेनासं होतं.

त्याच फळीवर आरजी या जर्मन बनावटीचं स्वस्त रिव्हॉल्व्हर दिसलं तर हात लावू नका. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ मध्ये झाडलेलं रिव्हॉल्व्हर याच जातीचं, पण मला इतिहासाशी घेणं नाही. फ्रेम जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि वापराने ढिली होते. हेरिटेज कंपनीचं रफ रायडर हे .२२ रिव्हॉल्व्हर नवंसुद्धा स्वस्त मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त घोड्याशेजारची सेफ्टीची कळ मला खटकते.

जुनंच घ्यायचं ठरलं तर खिशात फिलर गेज ठेवा, पुण्यात स्कूटरचे टॅपेट सेट करताना मेकॅनिक काढतो तेच. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे स्वतः उघडून बघा, दुकानदाराने बघितलेलं असलं तरी. मग नळी आणि सिलिंडर यांच्या फटीत पाती सारा. ०.००६ इंचाची गेली तर ठीक, ०.०१० ची सहज गेली तर सोडा. त्यानंतर घोडा अगदी हळू मागे ओढा. तो शेवटी टेकेपर्यंत सिलिंडर आपला आपण ‘कट्’ करून अडकायला हवा. बोटाने ढकलावा लागला तर घर नळीच्या सरळ रेषेत येत नाही, आणि गोळीचं शिसं तासलं जाऊन बाजूला उभ्या असलेल्याच्या गालावर उडतं. घोडा उतरवताना अंगठा सोडू नका. मागे सांगितलेला खड्डा तुमच्याच हातून नको. ही परीक्षा एकदा करून भागत नाही, नऊ घरं म्हणजे नऊ वेळा.

मी तिसऱ्या शनिवारी ती केली. सहा घरं छान अडकली. सातवं नाही. पुन्हा केलं, पुन्हा सातवंच. दुकानदार म्हणाला, जरा तेल घातलं की होईल. मी म्हटलं, मग घालून दाखवा. त्याने घातलं, सातवं तसंच राहिलं.

रँगलर घरी आणलं, सोबत मिळालेली कुलपाची केबल त्याच रात्री घातली आणि किल्ली लेकीच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली. ९२९ अजून त्याच फळीवर आहे. चिठ्ठीवर आता १५० लिहिलंय.