गॅस तपासणीच्या नावाखाली अडीच हजारांचा गंडा

त्रिमूर्तीनगरात एकटी राहणाऱ्या माझ्या आईकडे दुपारच्या वेळी दोन तरुण आले आणि ‘गॅस एजन्सीकडून पाच वर्षांची सक्तीची तपासणी आहे’ असे सांगून थेट स्वयंपाकघरात गेले. गळ्यात ओळखपत्रे, हातात नावांची यादी. शिवाय दर पाच वर्षांनी अशी तपासणी खरोखरच होत असल्याने शंका घ्यायला जागाच उरली नाही.

त्यांपैकी एकाने आईला आतल्या खोलीतून गॅसचे पुस्तक आणायला पाठवले. ती परतली तेव्हा नळीच्या टोकाशी लावलेल्या साबणाच्या फेसातून बुडबुडे येत होते. ‘काकू, कधीही भडका उडेल,’ एवढे एक वाक्य पुरेसे ठरले. मधल्या वेळात नळी सैल केली गेली असणार, कारण सकाळपर्यंत घरात गॅसचा जरासुद्धा वास नव्हता आणि गळती चटकन कळावी म्हणूनच या मुळात गंधहीन वायूत इथाइल मरकॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो.

नवी नळी आणि सिलिंडर व रेग्युलेटर यांच्यामध्ये बसवलेले, गोल मीटर असलेले एक ‘सेफ्टी डिव्हाइस’ यांचे मिळून अडीच हजार रुपये त्यांनी रोख घेतले. पावतीवर ना ग्राहक क्रमांक होता, ना एजन्सीचे नाव.

पैसे गेले त्याहून गंभीर गोष्ट दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या मेकॅनिकने दाखवली. त्या उपकरणाच्या सांध्याला साबणाचे पाणी लावताच तेथे बुडबुडे आले, आणि हे मात्र खरे होते. तेल कंपन्या असली उपकरणे बसवायला सांगत नाहीत. उलट प्रत्येक जादा सांधा म्हणजे गळतीची आणखी एक जागा. नळीवर आयएसआय चिन्ह नव्हते आणि वर्षही छापलेले नव्हते. अस्सल सुरक्षा नळीवर आयएस ९५७३ हा क्रमांक असतो आणि ती पाच वर्षांनी बदलायची असते. घरगुती गॅस हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असून ते हवेपेक्षा जड असल्याने गळालेला गॅस ओट्याखाली, फरशीलगत साचून राहतो, त्यामुळे वरची खिडकी उघडी असली तरी निर्धास्त राहता येत नाही.

तपासणीसाठी कोणी आल्यास त्याला दाराबाहेरच थांबवावे आणि त्याने दिलेल्या नव्हे, तर आपल्या गॅसच्या पुस्तकावरील क्रमांकावर एजन्सीला विचारावे. गळतीची भीती घातली गेली, तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता बाहेर पडावे आणि तेथून १९०६ या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावर कळवावे.

पावतीवरचा मोबाइल तेव्हापासून बंद आहे. पोलीस ठाण्यात तक्रार दिल्यानंतर चौकशी केली, तेव्हा शेजारच्या इमारतीतील दोन घरांतही तेच गोल मीटर बसवलेले आढळले आणि एजन्सीच्या माणसाने ते त्याच दिवशी काढून टाकले.